टेकूंची बाकं

४ फेब्रुवारी

मामा,

आधी नमस्कार, मग बातमी, मग भांडण. याच क्रमाने घ्या.

बातमी अशी की तुमच्या भाचीला नोकरी लागली, आणि तीही खाणीत! हसू नका. चौदा वर्षं कुलूप लागलेली आपली खाण मे महिन्यात पाहुण्यांसाठी उघडतेय. पाहुण्यांना गाडीत बसवून आत फिरवून आणायचं, दिवे दाखवायचे, चार गोष्टी सांगायच्या. त्या फेरीची मुख्य मी. बाबा खाली फोरमन, तुम्ही खाली सर्वेअर, आणि आता मी खाली जाणार, तीही इस्त्रीचे कपडे घालून. आमचे हे पूर्वी खाणीतले पंप दुरुस्त करायचे, ते आता खनिजाच्या डब्यांना गाद्या बसवतायत. गाडीही तेच चालवणार.

तुम्ही आता आलात तर गाव ओळखणार नाही. पाळी संपल्यावर कामगार जिथे अंग धुवायचे त्या न्हाणीघरात कॉफी मिळते. फुटक्या फरशा तशाच ठेवल्यात, लोक त्यांचे फोटो काढतात. आणि सुरुंगकाका! जन्मभर दगडात सुरुंग भरले, आता उशांना अभ्रे घालतायत. वरच्या तीन खोल्या पाहुण्यांना दिल्यात. काकू म्हणतात, "ह्यांनी घरात कधी स्वतःचा कप विसळला नाही, आणि आता परक्या माणसाला विचारतात, गरम पाणी आणू का?" थट्टा करतो आम्ही, पण मामा, चौदा वर्षांत पहिल्यांदा, गेल्या वर्षभरात एकही घर गाव सोडून गेलं नाही.

आता भांडण. खाणीचा मूळ नकाशा तुमच्याकडे आहे. फेरी काढणाऱ्या कंपनीकडे नुसती प्रत आहे, आणि चार नंबरच्या दालनापाशी ती नेमकी पुसट झालीय. मूळ नकाशा आम्हाला दाराशी काचेत लावायचाय, खाली तुमची सही दिसेल असा. किती वेळा निरोप पाठवला, तुम्ही उत्तर देत नाही. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि तुमची लेक, आमची ताई, मध्ये पडून भलतंच सांगते, म्हणून शेवटी कागद काढला. तुम्हीही कागदावरच उत्तर द्या.

दहा मेला उद्घाटन. पहिल्या गाडीत पहिली जागा तुमची.

ठकी


१३ फेब्रुवारी

ठके,

पत्र पोचलं. तुझं अक्षर अजून शाळेतल्यासारखंच उताणं आहे. नोकरीचं वाचून आनंद झाला. तुझे बाबा असते तर त्यांनी तोंडावर काही म्हटलं नसतं आणि तुझ्या माघारी गावभर सांगितलं असतं.

नकाशा सापडत नाही. तुझ्या ताईने घर बदलताना जुने कागद कुठे घातले देव जाणे.

एक सांगतो. लोकांना एक नंबर दाखवा, दोन नंबर दाखवा. दोन नंबरमध्ये भिंतीला हिरवी झाक आहे, दिव्यात ती छान दिसते. चार नंबरला जाऊ नका. तिथली हवा चांगली नाही. ओलही येते. एवढं लांब माणसांना नेऊन दाखवायचं काय, तर एक मोठी खोली. चार नंबरच्या तोंडाशी जाळी लावून टाका म्हणावं.

आणि तिथे आत जे जसं आहे ते तसंच राहू दे. काही हलवू नका.

तुमचा इंजिनिअर कोण आहे? रुळावरूनच फिरला की खाली उतरला?

तब्येत बरी आहे. जिने चढवत नाहीत एवढंच. तुझ्या छोटीला पापा.

मामा

ता.क. चार नंबरचं विसरू नकोस.


२४ फेब्रुवारी

मामा,

तुमचं पत्र मी ह्यांना वाचून दाखवलं. हे म्हणाले, "मामांना बाबांची आठवण सोसत नाही, दुसरं काही नाही." मलाही तसंच वाटलं. बाबा शेवटपर्यंत चार नंबरलाच होते. तिथे पाहुणे हसणार, फोटो काढणार, हे तुम्हाला कसंतरी वाटत असेल. पण बघा, त्या दालनाला बाबांचं नाव द्यायचं ठरलंय. माझ्या डोळ्यांतून पाणीच आलं.

हवेची काळजी नको. यंत्र लावून तपासली, स्वच्छ आहे. ओल नाही. इंजिनिअर तुमच्या नकाशाची प्रत हातात घेऊन गाडीतून सगळीकडे फिरला. "असे खांब हल्ली कुणी सोडत नाही," म्हणाला. चार नंबर सोडून चालणारच नाही मामा. तेच तर बघायचंय लोकांना. नऊ खांब, वर एवढं उंच छत, आणि आवाज असा घुमतो की नुसतं खोकलं तरी चार माणसं खोकल्यासारखं वाटतं. उद्घाटनाला शाळेची मुलं तिथे गाणार आहेत. आपली छोटीही आहे.

आणि हलवू नका म्हणालात, पण ते पत्र यायच्या आधीच हलवून झालं होतं. रागावू नका, ऐका तर. खांबांच्या मागच्या अंगाला, जिथे कुणी जात नाही, तिथे लाकडाचे टेकू उभे होते. मोजले, त्रेचाळीस. जुने, काळे पडलेले. सुरुंगकाकांना विचारलं तर म्हणाले, "तुझ्या बापाचं खूळ. खाण बंद झाल्यावर स्वतःजवळच्या किल्लीने एकटाच आत जायचा आणि लाकडं ठोकत बसायचा. काढा, जागा अडवतायत." काढले. एकेका टेकूवर बाबांची फुली होती, हत्यारांवर करायचे तशीच. टाकवेना. सुताराकडून त्यांची बाकं करून घेतली. बाहेर गाडीची वाट बघायला आता आठ बाकं आहेत आणि दुपारचा डबा मी रोज त्यांतल्या एकावर बसून खाते. बाबांच्या मांडीवर बसल्यासारखं वाटतं.

नकाशा शोधा.

ठकी


२ मार्च

ठके,

टेकू परत लाव. होते त्या जागी, होते तसे. बाकं मोडा. लाकूड कमी पडलं तर नवीन आणा. तोवर चार नंबरमध्ये कुणालाही जाऊ देऊ नकोस. तूही जाऊ नकोस.

कारण विचारू नकोस. मी सांगतोय म्हणून कर.

मामा


९ मार्च

मामा,

कारण विचारू नकोस म्हणजे काय? मी काय दहा वर्षांची आहे?

टेकू कापून त्यांच्या फळ्या झाल्या. फळीला कुणी टेकू म्हणेल का? आणि कंपनीला मी काय सांगू? मामा म्हणतात म्हणून मोडा?

तुमचं पत्र वाचलं आणि ताईला फोन केला. ती म्हणाली, "बाबांचं हल्ली असंच चाललंय. अर्धी पोळी खातात, कागद फाडत बसतात. तू मनावर घेऊ नकोस." पण तुमचं अक्षर तर ठणठणीत आहे. एक रेघ इकडची तिकडे नाही. ज्याचं डोकं फिरलंय त्याचं अक्षर असं नसतं.

काल मी चार नंबरला गेले होते, दिव्यांच्या तारा बघायला. दिव्यांसाठी खांबांना भोकं पाडतायत. पहिल्यांदाच मला तिथे थांबवेना. तुम्हीच ही भीती घातलीत माझ्या मनात. आता काय ते सांगा. खरं सांगा.

ठकी


१६ मार्च

ठके,

तीन वेळा लिहून फाडलं. हे चौथं. ताई बाजारात गेलीय, ती यायच्या आत संपवतो.

नकाशा हरवलेला नाही. माझ्या पलंगाखाली आहे. मी तो पाठवत नाही कारण तो खोटा आहे.

चार नंबरचे नऊ खांब म्हणजे बांधलेले खांब नव्हेत. सगळीकडचं खनिज काढायचं आणि छत तोलायला मध्ये दगडाचा एकेक ठोकळा तसाच सोडायचा, तो खांब. प्रत्येक सहा मीटर रुंद आणि सहा मीटर खोल. नकाशात तसं आहे. खाण बंद व्हायच्या दोन वर्षं आधी तांबं संपलं. वरून निरोप आला, महिनाभरात आवरा. तुझ्या आईचं आजारपण चालू होतं, तू शाळेच्या शेवटच्या वर्षाला होतीस. आणि अशी नव्वद घरं होती. मी आणि भाऊजी माझ्या खोलीत नकाशा पसरून बसलो. तांबं कुठे उरलंय? ते म्हणाले, "उरलंय की. खांबांत."

तपासणीचे साहेब यायचे ते गाडीतून यायचे आणि गाडीतूनच जायचे. रुळावरून खांबाचं तोंड तेवढं दिसतं. म्हणून आम्ही मागून खायला सुरुवात केली. पाठ तासायची, तोंड ठेवायचं. आमच्या पाळीत ही म्हणच झाली होती. एकेका पाळीला वीतभर. सुरुंग बारके भरायचे, म्हणजे वर आवाज जायला नको. आम्ही सहा जण होतो. चौघं गेले. उरलो मी आणि तुझे सुरुंगकाका. त्याला विचार. तो नाही म्हणेल.

नकाशात मी काही बदललं नाही. दर तीन महिन्यांनी तेच सहा मीटर लिहून खाली सही केली. दोन वर्षं. त्या दोन वर्षांत तुझं शिक्षण झालं, आणि अजून पुष्कळांची लग्नं, घरं झाली. हे मी माझी बाजू म्हणून सांगत नाही. झालं ते सांगतो.

खाण बंद झाली तेव्हा वाटलं, सुटलो. कुलूप लागलं, आता पडली तर पडली, आत कोण आहे? पण भाऊजींना चैन पडेना. दालनाच्या वर जो ओढा आहे तिथे पोरं खेळतात, छत बसलं तर ती जमीन खचेल, म्हणून ते टेकू ठोकत राहिले. छातीत धूळ भरलेली, दहा पावलं चाललं की बसावं लागायचं, तरी जायचे. लाकूडच का? तर वजन आलं की लाकूड आधी करकरतं. माणसाला पळायला वेळ मिळतो. दगड काही सांगत नाही.

टेकूच होते ते, ठके. तू छताखालचे टेकू काढून त्यांची बाकं केलीस. चूक तुझी नाही. तुला सांगितलं नाही, ती चूक माझी.

आत जाऊ नकोस.

मामा


२८ मार्च

मामा,

गेले. तुम्ही नको म्हणालात तरी गेले. दुपारी दिवेवाले जेवायला बाहेर आले तेव्हा टोपीवरचा दिवा लावला, टेप घेतली आणि खांबांच्या मागे शिरले. समोरून बघितलं तर राजवाड्यासारखं आहे. मागे गेलं की कळतं. सहा मीटरचा खांब माझ्या हातातली टेप नीट उलगडायच्या आतच संपला. पहिला तीन मीटर. चौथा अडीच. सातव्याला मी तीनदा मोजलं. पावणेदोन. त्याला मध्ये एक चीर आहे, तिच्यात माझी चार बोटं गेली. बोटं बाहेर काढली तेव्हा बारीक माती भुरभुरत खाली आली आणि बराच वेळ येत राहिली. मी कशी बाहेर आले ते मला आठवत नाही. बाहेर आल्यावर बाकावर बसले, आणि बाक कशाचं आहे ते लक्षात आल्यावर उठले.

सुरुंगकाकांना विचारलं. ते चादरी वाळत घालत होते. म्हणाले, "मला काही आठवत नाही." मग दोन चिमटे लावून झाल्यावर म्हणाले, "चौदा वर्षं उभं आहे ना? मग?"

आता मी काय म्हणतेय ते शांतपणे वाचा. मी कुणाला सांगितलेलं नाही. ह्यांनाही नाही. मामा, सगळ्या गावाने आपलं होतं नव्हतं ते यात घातलंय. हे मोडलं तर या वेळी गाव उठेलच. मी गप्प बसणार असं नाही, फक्त थांबणार आहे. एक हंगाम. थंडी लागली की फेरी बंद होणार, तेव्हा इंजिनिअरला हळूच सांगीन, लोखंडाचे टेकू लावून घेऊ. तोवर गाडी दालनात थांबवणार नाही, नुसती नेऊन आणायची. टाळ्या, गाणी कमी करीन. चौदा वर्षं राहिलंय, पाच महिने राहील. आणि दालनाला बाबांचं नाव लागणार आहे. सातव्या खांबावरच ती पाटी बसणार आहे आणि त्याच खांबामागे त्यांचं हे काम. मी ते कोणत्या तोंडाने सांगू?

तुम्ही दोन वर्षं घेतलीत. मला पाच महिने द्या. आणि कुणाला लिहू नका.

ठकी


६ एप्रिल

ठके,

भाऊजी म्हणाले होते, "थंडी सरेपर्यंत." थंडी दोनदा सरली.

मला तुझा राग येत नाही, भीती वाटते. तुझं पत्र वाचताना मला वाटलं मीच लिहिलंय. हेच शब्द होते आमचे. गाव उठेल. हळूच करू. आजवर राहिलंय, अजून राहील. फरक एवढाच की आमच्या वेळी आत जाणाऱ्या सहाही जणांना माहीत होतं. तुझ्या गाडीत बसणाऱ्याला कुणी सांगितलंय?

मी खाणतपासणीच्या कचेरीला अर्ज लिहिला आहे. सगळं आहे त्यात. तारखा, कुठल्या खांबाचं किती, सुरुंग किती. माझं नाव आधी, भाऊजींचं नंतर. पंचवीस तारखेला टाकणार. लगेच टाकत नाही याचं कारण तू आहेस. तू माहीत असून गप्प राहिलीस असं कुणी म्हणू नये. त्याआधी तू स्वतः सांग.

तुझ्या बापाच्या नावाचं म्हणशील, तर त्यांनी छातीत धूळ घेऊन त्रेचाळीस टेकू लावले, ते पाटीसाठी नव्हे. एवढंच कर. पहिल्या गाडीत कोण बसणार याची यादी कर. नुसती कागदावर लिही.

मामा


२० एप्रिल

मामा,

यादी केली नाही. करावी लागली नाही.

अठरा तारखेला गाण्याची तालीम होती. चार नंबरमध्येच. मला वाटलं होतं बाहेर घेतील, पण शाळेच्या बाई म्हणाल्या, आवाज कसा येतो ते आतच कळणार. बाईंनी खडूने जमिनीवर गोल काढले, एकेका मुलाला एकेक. उंचीप्रमाणे. छोटी सगळ्यांत बुटकी, ती कडेला. तिचा गोल सातव्या खांबाला लागून होता. ती त्या गोलात उभी राहिली, खांबाला पाठ टेकली आणि मला हात केला.

मी ओरडले. काय ओरडले ते मला ठाऊक नाही. मुलं घाबरली, रडायला लागली, पण बाहेर पळाली. सगळी बाहेर आल्यावर मी दाराबाहेरच, रुळावर बसून, सगळं सांगितलं. बाई होत्या, दिवेवाले होते, हे गाडीवर होते. पाठ तासायची, तोंड ठेवायचं, सगळं. तासाभरात गाव जमलं.

इंजिनिअर मागे जाऊन मोजून आला तेव्हा त्याचा चेहरा पांढरा पडला होता. पण कंपनीचे साहेब म्हणतात, नकाशा चुकला असेल, खांब मुळातलेच असे बारीक असतील. मुळातलेच असतील तर धोका नाही म्हणे, सुरुंगाने तासले असतील तर आतून तडकलेले असणार. तासलेले पाहिलेत कुणी? सगळे सुरुंगकाकांकडे वळले. सुरुंगकाका म्हणाले, "मुळातलेच." माझ्याकडे न बघता म्हणाले.

आता तुमचाच शब्द उरलाय. पंचवीसपर्यंत थांबू नका.

ह्यांनी मला एकच विचारलं, "तीन आठवडे माहीत होतं तुला?" हो म्हणाले. तेव्हापासून बोलत नाहीत.

ठकी


२७ एप्रिल

ठके,

स्वतः जाऊन दिला. ताईला आधी सगळं सांगितलं, तीच घेऊन गेली. कचेरीत खुर्ची दिली, पाणी दिलं, सगळं लिहून घेतलं. मूळ नकाशा त्यांच्याच टेबलावर पसरला आणि एकेका खांबाचे खरे आकडे मी लाल पेन्सिलीने घातले. चौदा वर्षं पाठ होते. साहेब म्हणाले, परवापर्यंत गेटला सील लागेल. खटला होईल का विचारलं, तर म्हणाले, या वयात काय करायचं ते वरचे ठरवतील.

ताई घरी आल्यापासून ताट वाढते आणि बाहेर जाते. तिचं बरोबर आहे.

जावयांना रागावू दे. बोलतील. रागावलेला माणूस बरा, घाबरून गप्प बसलेला वाईट.

मामा


१३ मे

मामा,

गेटला सील लागून दोन आठवडे झाले. इंजिनिअर म्हणतो लोखंड लावून पुन्हा तपासायला दोन वर्षं, कदाचित तीन. पाहुणे येईनासे झाले. न्हाणीघरातली कॉफी बंद झाली. खालच्या आळीतली दोन घरं गेली, सामान भरताना मी दिसले तर त्यांनी पाठ केली. दुकानात मी शिरले की बोलणं थांबतं. छोटीला शाळेत कुणी खेळायला घेत नाही. हे गाडीच्या गाद्या काढतायत. काल "मीठ दे" म्हणाले, एवढी प्रगती आहे.

हे सगळं मला सोसेल. आता लिहितेय ते सोसत नाही.

दहा तारखेला, उद्घाटनाच्याच दिवशी, सुरुंगकाकांनी सील तोडलं. त्यांच्याकडे चार पाहुणे उरले होते, ते निघून जाऊ नयेत म्हणून त्यांना आत घेऊन गेले. काकू धावत माझ्याकडे आल्या. "त्यांना आण गं बाहेर, माझं ऐकत नाहीत." म्हणजे काकूंनाही माहीत होतं मामा. सगळ्यांना थोडंथोडं माहीत होतं.

मी दिवा घेऊन आत गेले. लांबूनच टाळ्या ऐकू येत होत्या. आवाज कसा घुमतो ते बघत होते. मी तोंडावर बोट ठेवून, पाय न वाजवता पुढे गेले, तर मला बघून हसायलाच लागले. सुरुंगकाका म्हणाले, "ही आमच्या फोरमनची पोरगी. बाप वाघ होता, ही शेळी निघाली." आणि सील तोडायला आणलेली हातोडी उचलून सातव्या खांबावर मारली. एकदा नाही, तीनदा. "बघा! काही होतंय?"

काही झालं नाही. खडासुद्धा पडला नाही. मी मनात म्हणत होते, पडू नकोस, पडू नकोस, एवढ्यांना जाऊ दे. पाहुण्यांतल्या एका बाईचा हात मी घट्ट धरला आणि सोडलाच नाही. ओढत नेलं तिला. मग बाकीचे आले. शेवटी सुरुंगकाका, रमतगमत, गाणं म्हणत.

बाहेर उन्हात ते सगळे हसत होते. त्या बाईचा हात लाल झाला होता, तो दाखवून हसत होते. गावातले लोकही जमले होते, तेही हसले. कुणीतरी म्हणालं, "कुठे पडलं गं तुझं छत?" आणि मामा, तेव्हा माझ्या मनात आलं, पड. आत्ता पड. एकदाची पड, म्हणजे कळेल यांना.

तेव्हापासून मी स्वतःला भिते. रोज सकाळी उठून आधी कान देते. काही ऐकू आलं नाही की मला हायसं वाटायला हवं. वाटत नाही. हे मी कुणाला सांगू? तुम्हालाच सांगतेय.

ते पुन्हा जातील. नवं कुलूप लावलंय पण तेही तोडतील. मी दिवसभर गेटपाशी बसून असते. घरचं सगळं पडून आहे.

ठकी


१८ मे

ठके,

चौदा वर्षं मी पेपर उघडला की आधी आपल्या गावाचं नाव शोधायचो. आत कुणी नसताना पडावी, म्हणजे माझी सुटका, असं रोज वाटायचं. देवापाशी मागितलंसुद्धा. पडली नाही. तुला वाटलं ते पाप असेल तर तुझ्या वाट्याला थोडं आलंय, माझ्याकडे ढीग आहे. वाटून घेऊ, पण तू एकटी भिऊ नकोस.

तो सुरुंगवाला पुन्हा आत जाईल हे खरं. तुला तो "मुळातलेच" म्हणून सांगू शकतो. मला नाही सांगता येणार. सातव्या खांबाच्या पाठीला शेवटची भोकं त्याने पाडली तेव्हा दिवा माझ्या हातात होता. त्याला माझ्या तोंडावर, गावासमोर म्हणू दे. मला ऐकू येत नसलं तरी त्याचे ओठ मला वाचता येतात.

गुरुवारच्या गाडीने निघतो. ताई नको म्हणत होती, मग तिनेच पिशवी भरली, गोळ्या वेळेप्रमाणे पुड्या करून दिल्या. वाटेत एका ठिकाणी मुक्काम आहे. शुक्रवारी दुपारपर्यंत पोचेन. स्टँडपासून चढ आहे, पण हळूहळू येईन, बसत बसत येईन, कुणाला तरी विचारीत येईन.

मला न्यायला येऊ नकोस. गेट सोडू नकोस.

मामा